‘बरं’ म्हणजे होकार नव्हे

मामा,

तू असतास तर एव्हाना दिलीपकाकांना माफ करून मोकळा झाला असतास. वर स्वतःच फोन लावून त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली असतीस. मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. हे लिहितेय ते तुझी समजूत काढायला नाही, आणि माझी काढून घ्यायला तर मुळीच नाही. जे झालं ते तुला माझ्या तोंडून कळावं, एवढंच. तुझ्याबद्दल बोलायला आता पुष्कळ लोक आहेत, आणि तुला उत्तर देता येत नाही. याचा फायदा कसा घेतला जातो ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

रविवारी संध्याकाळी तुझा फोन वाजायचा. कासलबारला, या आयरिश गावात, तेव्हा दिवेलागण, दिलीपकाकांकडे अमेरिकेत दुपार. “का बे सुध्या, जिवंत आहेस का?” हे त्यांचं पहिलं वाक्य. “तुला हरवल्याशिवाय कुठे जातो बे?” हे तुझं. त्यानंतर नुसती आरडाओरड. मी तुझ्याकडे राहायला आले त्या पहिल्याच रविवारी मला वाटलं, तुमचं काहीतरी भयंकर फाटलंय. घाबरून स्वयंपाकघरात आले तर तू एका हाताने कांदा परततोयस, दुसऱ्या हातात फोन, आणि तोंडात अमेरिकेची राज्यघटना. नंतर शेजारच्या ब्रीडाने मला कुंपणापाशी गाठलं. “डॉक्टर ठीक आहेत ना? फार ओरडत होते.” मी म्हटलं, अमेरिकेच्या सरकारवर चिडलेत. “मग ग्रँड, काही हरकत नाही,” ती म्हणाली. “माझा भाऊ बॉस्टनहून फोन करतो, तो आमच्यावरच चिडलेला असतो.”

माझं राजधानीजवळचं, ब्लँचर्डस्टाउनचं ऑफिस मार्चमध्येच साथीमुळे बंद झालं होतं. खिडकीतून बंद शॉपिंग सेंटर आणि रिकाम्या बस बघत मी एकटी कोडिंग करत बसायचे. तू म्हणालास, “लॅपटॉप काय, आमच्या मेयो काउंटीतही चालतो. ये इकडे.” उन्हाळ्यात बंधनं जरा सैल झाली तशी मी आले. तू तेव्हा निवृत्त होऊन परत कामावर गेलेला होतास. हॉस्पिटलला माणसं कमी पडत होती, त्यांनी विचारलं, तू हो म्हणालास. आईने नागपूरहून फोनवर रडून घेतलं, मी भांडून घेतलं, आणि तू सकाळी डबा घेऊन निघालास. तुझ्या प्रेसमधल्या, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातल्या, डब्यांत पोहे कुठले आणि दलिया कुठला हे मला कधी कळलंच नाही. संध्याकाळी येऊन तूच सांगायचास. आंघोळ केल्याशिवाय जवळ येऊ द्यायचा नाहीस. मग जेवताना आदल्या रविवारच्या वादात दिलीपकाका कुठे चुकले, ते मला सविस्तर ऐकायला लागायचं. मला तेव्हा कंटाळा यायचा. आज मी ते सगळं कोणाला तरी घडाघडा म्हणून दाखवू शकते, इतकं पाठ झालंय.

तुम्ही दोघं नागपूरला हॉस्टेलवर एका खोलीत होतात, आणीबाणीच्या दिवसांत. दिलीपकाकांचे वडील शाळामास्तर. कुठल्याशा सभेत काहीतरी बोलले म्हणून पोलीस त्यांना घेऊन गेले. परत आले तेव्हा, दिलीपकाका सांगायचे, माणूस तोच होता पण त्यानंतर त्यांनी घरात वर्तमानपत्र कधी मोठ्याने वाचलं नाही. त्याच सुमाराला तुम्हाला ग्रंथालयात अमेरिकेच्या राज्यघटनेवरचं एक जाडजूड पुस्तक सापडलं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने खाटेवर आडवं पडून ऐकायचं. शरीरशास्त्र राहिलं बाजूला. दिलीपकाकांना त्या पुस्तकात दिसलं ते असं: सरकार नावाच्या जनावराला बांधून ठेवायचं, त्याचे तीन भाग करायचे, एकाने दुसऱ्यावर भुंकायचं, आणि तरीही आपण एक डोळा उघडा ठेवून झोपायचं. तुला त्याच पानांत दुसरंच दिसलं. ती माणसं सरकारला घाबरत होती हे खरंच, पण घटना लिहायला बसली ती आधीचं सरकार फारच दुबळं होतं म्हणून. तेरा राज्यं, तेरा तऱ्हा, केंद्राला साधा कर गोळा करता येईना. “दोन भीतींतून लिहिलेला कागद आहे तो, दिल्या,” तू म्हणायचास. “तू एकच भीती वाचून राहिला.”

तुझी भीती घरातली होती. तुझ्या जन्माआधी तुझा थोरला भाऊ देवीने गेला. आजी सांगायची, टोचणारा सरकारी माणूस गावात पोचला तो त्यानंतर. पुढे तुम्हा सगळ्यांना तिने रडारडीला न जुमानता त्याच्यापुढे ओढत नेलं. म्हणजे एकाच्या दारात सरकार आलं आणि बाप घेऊन गेलं. दुसऱ्याच्या दारात सरकार उशिरा आलं म्हणून भाऊ गेला. तुमच्या अख्ख्या वादाचं मूळ एवढंच आहे, असं मी एकदा म्हटलं तर तू तडकलास. “विचाराला असं बालपणात नेऊन पुरायचं नाही अनू. त्याला उभं राहून उत्तर द्यायचं.”

आणि तू द्यायचास. त्या वर्षी तर तुला रोज नवा दारूगोळा मिळत होता. अमेरिकेतली राज्यं मास्क आणि व्हेंटिलेटर मिळवायला एकमेकांच्या वर बोली लावत होती, त्या रविवारी तू किती भडकला होतास! “हे तुझ्या संस्थापकांचं स्वप्न नाही बे, हे त्यांचं दुःस्वप्न आहे. राज्यघटनेच्या आधीची तेरा भांडखोर राज्यं तुम्ही परत आणली.” दिलीपकाका म्हणाले, राज्यांना आपापलं ठरवू द्यावं हीच तर मूळ कल्पना. एकाचं चुकलं तर बाकीची वाचतात. तू म्हणालास, विषाणूला राज्याची हद्द कळत असती तर मीही मानलं असतं. मग तू तुझा हुकमाचा पत्ता काढलास. पुढे अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष झालेल्या ज्या सेनापतीची तसबीर काकांच्या केबिनमध्ये आहे, त्याने स्वातंत्र्याच्या ऐन युद्धात आपल्या अख्ख्या सैन्याला देवीची टोचणी सक्तीची केली होती. काका थांबले नाहीत. “ते सैन्य होतं. सैनिकाला हुकूम चालतो, नागरिकाला नाही.” तू म्हणालास, मग खलाशी? देश जेमतेम उभा राहतोय तोवर त्यांच्या संसदेने खलाशांच्या पगारातून कापून त्यांच्यासाठी दवाखाने काढायचा कायदा केला. ते काय होतं? “बंदरं आणि व्यापार,” काका म्हणाले. तू हसलास. तुला हरवणारा नव्हे, तुला अडवणारा माणूस आवडायचा. त्यांच्यासारखा अडवणारा तुला दुसरा भेटला नाही, हे मी नाकारत नाही.

एक वाद मीही घातला होता तुझ्याशी, तो अर्धाच राहिला. तळ्याकाठी फिरायला गेलो होतो, वारा असा की बोललेलं तोंडात परत येत होतं. मी म्हटलं, “ज्या लोकांनी माणसं विकत घेतली, त्यांच्या वाक्यांवर तू आयुष्य घालवलंस. नागरिकत्वाचा त्यांचा पहिला कायदा फक्त गोऱ्यांसाठी होता. तुला आणि दिलीपकाकांना त्यांनी दारातून हाकललं असतं.” तू टोपी कानांवर ओढलीस. मग म्हणालास, “वाक्य खरंच चांगलं असलं ना, की ते लिहिणाऱ्याच्याही विरुद्ध वापरता येतं. सगळी माणसं समान असं लिहिलं, मग ज्यांना वगळलं होतं त्यांनी तेच वाक्य घेऊन त्यांच्या नातवंडांना कोर्टात उभं केलं.” मी म्हटलं, फार सोयीचं आहे हे. तू म्हणालास, सोयीचं नाही, फार उशीर लागतो त्याला. तेवढ्यात पाऊस आला आणि आपण गाडीकडे पळालो. पुढचं माझं उत्तर तयार होतं, मामा. अजून आहे.

शरद ऋतूत बातमी आली. दिलीपकाका दक्षिणेकडच्या ज्या राज्यात राहतात, तिथल्या गव्हर्नरने साथीसाठी सल्लागार मंडळ नेमलं होतं, आणि काका त्यावर होते. मंडळाने सांगितलं, मास्कची सक्ती नको, गर्दीवर बंदी नको, ज्याचं त्याने आपल्या विवेकाने ठरवावं. अहवालाच्या पहिल्या पानावर कमीत कमी राज्य करणारं सरकार सर्वांत चांगलं, हे वाक्य, आणि खाली स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या त्या थोर व्हर्जिनियन संस्थापकाचं नाव. हा अहवाल काकांनी अभिमानाने तुमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकला. अभिनंदनाच्या फुलांचा नुसता सडा पडला.

तू वॉर्डातून आला होतास. चेहऱ्यावर मास्कचे वळ. वाचलंस, आणि त्या रविवारी पहिल्यांदाच ओरडला नाहीस. “दिल्या, आजवर आपण बोलत होतो. आता तू लोकांच्या जिवावर सही केली.”

“मी कोणावर काही लादलं नाही सुध्या. लादायला नकार दिला.”

“आणि ते वाक्य त्याचं नाही. चाळीस वर्षं सांगून राहिलो. त्याच्या कुठल्याच कागदात ते नाही. तो मेल्यावर एका मासिकाने छापलं.”

“भावना तर त्याचीच आहे ना!”

“मेलेल्या माणसाच्या तोंडी वाक्य घालायचं नाही बे. त्याला नाही म्हणता येत नाही.”

मी तेव्हा भांडी विसळत होते. हे तू बोललास आणि काका पलीकडे हसले, तेही मला ऐकू आलं.

मग त्यांनी तुझ्यावरच डाव टाकला. म्हणाले, “तू स्वतःकडे बघ ना. तुला कोणी हुकूम दिला होता का वॉर्डात परत जायचा? मर्जीने गेलास. हेच स्वातंत्र्य. माझा मुद्दा तूच सिद्ध केलास.” तू म्हणालास, “मी जाऊ शकलो, कारण जायला तिथे एक सरकारी हॉस्पिटल होतं. लोकांच्या करातून बांधलेलं. ते नसतं तर माझ्या मर्जीचं काय लोणचं घालायचं होतं?” त्यावर काकांनी गुडघ्याचा विषय काढला. तुझी मिशी हलली. जिंकलास की हलायची.

तुमचं सगळ्यांत जुनं दुखणं मात्र संमतीचं होतं. शासितांच्या संमतीनेच सरकारला अधिकार मिळतो, इथवर तुमचं एकमत. पण जो काही बोललाच नाही त्याची संमती कशी धरायची? ज्या इंग्रज तत्त्वज्ञावर ती सगळी मंडळी वाढली, त्याने लिहून ठेवलंय, की एखाद्या देशाच्या रस्त्याने तुम्ही नुसते चाललात तरी तुमची मूक संमती झाली. काकांना ते बिनतोड वाटायचं. तुला त्याचा राग यायचा. “गप्प बसलेला माणूस हो म्हणत असतो हे कोणी ठरवलं? घाबरलेला असेल. दमलेला असेल. त्याला कोणी विचारलंच नसेल.”

नाताळनंतर सगळं एकदम चढलं. हॉस्पिटलमध्ये खाटा लावायला जागा उरली नाही, असं तू म्हणालास आणि पुढे काही सांगेनासा झालास. एका संध्याकाळी आलास तो थेट वर गेलास आणि दाराआडून म्हणालास, “अनू, ताट बाहेर ठेव. आत यायचं नाही.” माझा नुसता घसा धरला होता. तुझा खोकला जिन्यात ऐकू यायचा. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर लॅपटॉप घेऊन बसायचे. कामाच्या मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, मागे कोण खोकतंय, तर मी कॅमेरा बंद केला.

रविवारी फोन आला तेव्हा मी तिथेच होते. तू स्पीकरवर टाकलास, हातात धरवत नव्हता. मला वाटलं, आज काका तब्येत विचारून ठेवतील. विचारली त्यांनी, खोटं का बोलू? मग म्हणाले, “मन रमवतो तुझं,” आणि सुरू झाले. त्यांच्या राज्यात शाळा उघडल्या, दुकानं उघडली, लोक मोकळे आहेत, तुम्ही तिकडे घरापासून पाच किलोमीटरच्या दोरीला बांधलेले. तू एकेका शब्दावर थांबत उत्तर दिलंस. “त्या इंग्रज बुवाचं वाच पुन्हा. दुसऱ्याच्या कशाला धक्का लावायचा नाही म्हणतो तो? जीव. मग आरोग्य. मग स्वातंत्र्य. मग मालमत्ता. आरोग्य आधी आहे दिल्या. तुम्ही लोक नेमका तेवढाच शब्द गाळता.”

“अरे पण हुकूम देऊन माणूस शहाणा होत नाही. एकदा तरी मान्य कर ना बे. एकदा!”

तू श्वास घेतलास, तो अर्ध्यात अडकला. पुन्हा घेतलास.

“बरं,” म्हणालास. “बरं बे. तू म्हणतो तसं. ठेवतो आता.”

मी दारात पाणी ठेवलं. सकाळी ॲम्ब्युलन्स आली. तुझ्याच हॉस्पिटलची माणसं, तू त्यांच्याशी स्ट्रेचरवरून थट्टा करत होतास. ब्रीडा तिच्या दारात ड्रेसिंग गाउनवर उभी होती, तिला हात केलास. मला मात्र तू हात केला नाहीस, कारण मी गाडीच्या मागे उभी होते आणि तुला दिसले नाही. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

तिथे तुला तुझ्याच लोकांनी सांभाळलं. रोज कोणीतरी फोन करायचं. शेवटी एका नर्सने टॅब्लेट तुझ्यासमोर धरला, आई नागपूरहून आणि मी तुझ्या स्वयंपाकघरातून तुझ्याशी बोललो. तुला कितपत ऐकू गेलं, देव जाणे. अंत्यविधीला मोजकीच माणसं चालणार होती. विद्युतदाहिनी दुसऱ्या काउंटीत. पण गाडी निघाली तेव्हा आपल्या गल्लीपासून हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक उभे होते, अंतर राखून, पावसात, टोप्या काढून. तू ज्यांना तपासलंस ती म्हातारी माणसं. ब्रीडा इथल्या सांत्वनाच्या रीतीने म्हणाली, “सॉरी फॉर युअर ट्रबल,” आणि मग, “तो आमच्यातला होता गं.” या लोकांना उपकार बोलून दाखवायची सवय नाही. उभे राहतात. त्या दिवसाबद्दल मी या गावाची जन्मभर ऋणी आहे, आणि त्याच्या बरोबर उलट जे वाटतं त्याची पाळी पुढच्या आठवड्यात आली.

तुझ्या बॅचने ऑनलाइन शोकसभा ठेवली. मंदामावशी, तुमच्या बॅचमधल्या, पुण्याहून सूत्रसंचालन करत होत्या. आई नागपूरच्या खिडकीत, डोळे सुजलेले. चांगलं चाललं होतं सगळं. तुझ्या हॉस्टेलमधल्या गमती सांगून लोक हसत होते, मीही हसले. शेवटचे वक्ते दिलीपकाका. मागे ती सेनापतीची तसबीर. काळा सूट.

सुरुवातीला ते रडले, आणि ते खरं रडणं होतं. मग सावरून म्हणाले, “सुध्या कोणाच्या हुकमावरून वॉर्डात गेला नाही. मर्जीने गेला. स्वतंत्र माणसाचं मरण त्याला आलं. ज्या विचारावर माझा देश उभा आहे, तो विचार सुध्या जगला.” पुढे म्हणाले, “आमचा वाद सगळ्यांना माहीत आहे. पण आज एक गोष्ट पहिल्यांदाच सांगतो. शेवटच्या फोनमध्ये सुध्याने ते मान्य केलं. मला म्हणाला, बरं, तू म्हणतो तसं. चाळीस वर्षांनी!” त्यांच्या आवाजात काय होतं सांगू? माया होती. त्याचाच मला जास्त राग आला. आणि मग त्यांनी जाहीर केलं, की त्यांच्या हॉस्पिटलतर्फे दरवर्षी तुझ्या नावाने व्याख्यान होईल. विषय, वैद्यक आणि वैयक्तिक स्वातंत्र्य. पहिलं व्याख्यान सल्लागार मंडळाचे अध्यक्ष देतील.

चौकटीचौकटीतून लोक टाळ्यांचे हात दाखवू लागले. मी माझा माइक सुरू केला.

“काका, तो फोन स्पीकरवर होता. मी जिन्यात बसले होते.”

“हो का बेटा? मग तू ऐकलंच असशील.”

“ऐकलं. त्याला श्वास घेता येत नव्हता. तुम्ही एकदा तरी मान्य कर म्हणून मागे लागलात, आणि त्याला फोन ठेवायचा होता. आपल्याकडे दमलेला माणूस बरं म्हणतो. तो होकार नसतो. त्याच्या आधी तो काय म्हणाला, ते का नाही सांगितलंत?”

“अगं, आता या प्रसंगी...”

“तो म्हणाला, त्या तत्त्वज्ञाच्या यादीत आरोग्य स्वातंत्र्याच्या आधी आहे, आणि तुम्ही तेवढाच शब्द गाळता. हे त्याचं शेवटचं म्हणणं. आणि तो वॉर्डात जाऊ शकला कारण तिथे सरकारी हॉस्पिटल होतं, हेही त्याने तुम्हाला सांगितलं होतं. तेव्हा तुमच्याकडे उत्तर नव्हतं. आज तो नाही म्हणून तुम्ही जिंकलात?”

“आपण जरा पुढे जाऊ या,” मंदामावशी म्हणाल्या.

मी गेले नाही पुढे. मला माहीत होतं मी काय करतेय. मी म्हटलं, “तुमच्या मंडळाने ज्यांना विवेकावर सोडलं, त्यांतले किती जण असे बरं म्हणत गेले? गप्प बसले म्हणजे त्यांचीही संमतीच धरलीत ना? मामाचं नाव त्या व्याख्यानाला लागणार नाही.”

मग आईचा आवाज आला. ती सभेत कधी बोलत नाही, तुला माहीत आहे. “माझ्या भावाचं नाव द्यायचं नाही, दिलीप,” ती म्हणाली. “विचारलंही नाहीस तू आम्हाला.”

काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा घातला नाही. त्यांची चौकट काळी झाली. इतकी वर्षं तू त्यांना निरुत्तर करायला धडपडलास, मी ते पाच मिनिटांत केलं, आणि मला गोड वाटलं मामा. इतकं गोड, की सभा संपल्यावर मी तुझ्या प्रेसमधून शेवया काढून खीर केली आणि एकटीने खाल्ली.

व्याख्यान रद्द झालं. काका बॅचच्या ग्रुपमधून निघून गेले. मंदामावशींनी मला लांबलचक फोन केला. म्हणाल्या, शोकसभेत असं बोलतात का, दिलीपचा चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा मित्र गेलाय, एवढं तरी बघायचं होतंस. तुला झालेली लागण दिलीपकाकांच्या राज्यातून आली नव्हती, हेही त्यांनी मला समजावलं. मला कळतं ते. मी सॉफ्टवेअर लिहिते, कारण आणि परिणाम यांतला फरक मला शिकवायला नको. पण तुला मास्क बांधून दिवसदिवस उभं राहताना मी पाहिलं, आणि त्याच महिन्यांत तुझा जिवलग मित्र कागदावर सही करून सांगत होता की याची काही गरज नाही, ज्याचं त्याने बघावं. आणि वर तुझ्याकडूनच त्याला पावती हवी होती.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. माझ्या फोनवर. मी उचलला.

“अनघा,” ते म्हणाले. बेटा नाही म्हणाले. “वाद घालायला नाही केला फोन. एकच विचारायचंय.”

“विचारा.”

“मी खोटं बोललो नाही गं. मला खरंच वाटलं, त्याने मान्य केलं. मी खूश झालो होतो त्या दिवशी. हिला सांगितलं, सुध्या ऐकला बघ एकदाचा.” त्यांच्याकडे कोणीतरी गवत कापत होतं, त्या यंत्राची घरघर येत होती. “मला एवढंच सांग. फोन ठेवल्यावर तो काही म्हणाला का? माझ्याबद्दल? रागावून गेला का तो?”

तू म्हणाला होतास. मी पाण्याचा तांब्या दारात ठेवला तेव्हा दाराच्या फटीतून म्हणाला होतास, “दिल्या फार एकटा पडलाय अनू. त्याला त्याच्या लोकांत कोणी नाही म्हणणारा उरला नाही. मी नसलो तर तू भांडत जा त्याच्याशी. सोडू नको त्याला.” माझ्यासाठी तू वेगळं काही ठेवलं नाहीस. हेच शेवटचं.

काका थांबले होते. मी खिडकीशी उभी होते. ब्रीडा तिचे कपडे दोरीवरून काढत होती.

“नाही,” मी म्हटलं. “काहीच म्हणाला नाही.”

“काहीच नाही?”

“नाही.”

त्यांनी फोन ठेवला नाही, मीही नाही. पलीकडचं यंत्र बंद पडलं, परत सुरू झालं. शेवटी मीच ठेवला.

तुझं सांगणं मी मोडलं. त्यांना भांडायला माणूस मिळणार नाही, निदान आपल्या घरातून नाही, आणि तू त्यांच्यासाठी जे ठेवून गेलास ते माझ्याकडेच राहील. हे तुला लिहायला मी आठवडाभर थांबले. वाटलं, जरा वाईट वाटू लागेल, मग लिहू.

वाटलेलं नाही, मामा.